इंदूरच्या चौराह्यांवर इंडिकेटर: कधी द्यावा आणि तो कसा चालतो

मागून येणाऱ्याला आपला बेत आधी कळावा म्हणून इंडिकेटर असतो, त्यामुळे स्टिअरिंग फिरवण्याच्या निदान तीन सेकंद आधी तो लागलेला असावा. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी तीन सेकंदांत सुमारे ३३ मीटर पुढे जाते, म्हणून ए. बी. रोडवरून पलासियाला एम. जी. रोडकडे वळायचे असल्यास चौराहा गाठेपर्यंत थांबू नये. आधी आरसा पाहावा, मग इंडिकेटर द्यावा, त्यानंतर ज्या बाजूला वळायचे तिकडे मान वळवून एकदा पाहावे. राजवाड्याच्या गर्दीत स्कूटर नेमकी आरशात न दिसणाऱ्या जागेतून शिरते.

सरळ जायचे म्हणून चारी इंडिकेटर लावण्याची सवय आपल्याकडे फार आहे आणि ती धोक्याची आहे. आडव्या रस्त्यावरच्या चालकाला गाडीची एकच बाजू दिसते, त्यामुळे आपण त्याच्याकडे वळत आहोत असे त्याला वाटते. सरळ जाणाऱ्याने कोणताच इंडिकेटर देऊ नये; चारी दिवे रस्त्यात बंद पडलेल्या गाडीसाठी असतात, म्हणूनच ते चावी काढल्यावरही चालतात.

वळण पूर्ण होऊन स्टिअरिंग सरळ झाले की त्याच्या दांड्यावरचा उंचवटा इंडिकेटरच्या खटक्याला ढकलतो आणि दिवा आपोआप बंद होतो. लेन बदलताना स्टिअरिंग तेवढे फिरत नाही, म्हणून तेथे तो हाताने बंद करावा लागतो.

दिवा लुकलुकतो तो फ्लॅशरमुळे. जुन्या फ्लॅशरमध्ये दोन धातूंची पट्टी विजेने तापून वाकते, जोड तुटतो, पट्टी थंड होऊन पुन्हा जुळते. नव्या गाड्यांत हे काम इलेक्ट्रॉनिक सर्किट करते आणि टिकटिक अनेकदा स्पीकरमधून येते. मिनिटाला ६० ते १२० लुकलुकी हा नेहमीचा वेग होय. तो एका बाजूला अचानक वाढला, तर बहुधा त्या बाजूचा पुढचा किंवा मागचा बल्ब गेलेला असतो, कारण प्रवाह घटल्याचे ओळखून फ्लॅशर मुद्दाम घाई करतो. साध्या बल्बच्या जागी एलईडी बसवल्यासही हेच घडते, तेव्हा लगेच वायरिंगला दोष देऊ नये.

तपासणीसाठी चारी दिवे लावून गाडीभोवती एक फेरी मारावी. काच पारदर्शक असल्यास बल्ब पिवळा लागतो, काच पिवळी असल्यास साधा. दोहोंच्या खुंट्या वेगळ्या जागी असल्याने एक दुसऱ्याच्या होल्डरमध्ये बसत नाही, म्हणून दुकानात जाताना जुना बल्ब सोबत न्यावा.