पोर्ट्रेटसाठी प्राइम लेन्स घेताय? या चुका टाळा

प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, घ्यायची ठरली की बहुतेकांचा पहिला प्रश्न अ‍ॅपर्चरचा असतो: एफ/१.८ पुरेल की १.४ घ्यावी? (हे लेन्समधून प्रकाश आत येण्याच्या भोकाचं माप; आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं.) माझ्या मते आधी खोली बघावी. फोटो कुठे काढणार आणि मागे सरकायला किती जागा आहे?

माझी पहिली ८५ मिमीची लेन्स (मिमीचा आकडा जितका मोठा, तितका दिसणारा कोन अरुंद) मी क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या, बॉडीवर लावली आणि पहिल्याच संध्याकाळी पाठ भिंतीला टेकली. समोरच्याचा चेहरा मावत होता, खांदे नाहीत. दीडपट क्रॉपच्या सेन्सरवर ८५चा कोन फुल फ्रेमवरच्या (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर) साधारण १२८ मिमीइतका अरुंद होतो. कमरेपासून वरचा उभा फोटो घ्यायला सव्वातीन मीटरच्या आसपास अंतर लागतं. तेच ५० मिमीला दोन मीटरच्या आत भागतं. म्हणून क्रॉप बॉडी आणि घरातले फोटो असतील, तर मी डोळे झाकून ५० सुचवेन. फुल फ्रेमवर मात्र ८५ छान जमते.

उलटी चूकही होते. ३५ मिमीची लेन्स घेऊन लोक चेहऱ्याच्या अगदी जवळ जातात. मग नाक मोठं दिसतं आणि कान मागे जातात. दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. दीड मीटर तरी लांब राहा, लागलं तर नंतर फोटो कडेने कापा.

आता अ‍ॅपर्चर. कॅमेऱ्यासोबत येणारी साधी किट लेन्स ५५ मिमीवर एफ/५.६ देते. तिथून १.८वर आलात की जवळजवळ दहापट प्रकाश मिळतो आणि हा फरक पहिल्याच फोटोत जाणवतो. १.८वरून १.४वर मिळतो तो फक्त दोन तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). वजन आणि किंमत मात्र चांगलीच वाढते. शिवाय फुल फ्रेमवर ८५ मिमी, एफ/१.४ आणि दीड मीटर अंतर असेल, तर शार्प भाग जेमतेम अडीच सेंटीमीटर खोल असतो. चेहरा जरा तिरका असला की जवळच्या डोळ्याची पापणी न् पापणी मोजता येते आणि दुसरा डोळा विरघळलेला असतो. एफ/२.८वर हा शार्प भाग पाच सेंटीमीटरच्या आसपास जातो. दोन माणसं असतील तर लेन्सचं भोक आणखी बंद करा (एफचा आकडा वाढवा) आणि दोघांना एका रेषेत उभं करा.

“लेन्स सॉफ्ट आहे”, म्हणजे फोटो धूसर येतो, ही तक्रार खूप येते. लेन्स परत करण्याआधी फोटो शंभर टक्के झूम करून नीट बघा. डोळा धूसर पण कान किंवा कॉलर शार्प असेल, तर फोकस चुकलाय: आय एएफ (डोळा ओळखून त्यावर होणारा ऑटोफोकस) लावा, नसेल तर फोकस पॉइंट थेट डोळ्यावर ठेवा. मधल्या पॉइंटने फोकस लॉक करून मग चौकट हलवण्याची सवय एवढ्या उघड्या अ‍ॅपर्चरला घात करते. सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल, तर हात हललाय. मागची भिंत स्वच्छ आणि माणूस ओढल्यासारखा पुसट असेल, तर माणूस हललाय. तिथे स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) काही करू शकत नाही. शटर १/२०० सेकंदापर्यंत न्या आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला दाद देण्याची पातळी) वाढू द्या. त्याने येणारा नॉइज (फोटोतले दाणे) नंतर बऱ्यापैकी कमी करता येतो, हललेला चेहरा नीट करता येत नाही. डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) फोकस दरवेळी एकाच बाजूला सरकत असेल, तर बॉडीत एएफ फाइन ट्यूनची (फोकस पुढेमागे जुळवण्याची) सोय आहे का ते बघा.

जुनी लेन्स घेताना मोटर तपासा. निकॉनच्या एएफ-डी लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या डी३५०० किंवा डी५६००सारख्या बॉडीवर ऑटोफोकस चालत नाही. मिररलेस (आरसा नसलेल्या) झेड बॉडीवर जुन्या लेन्स बसवणाऱ्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरनेही तीच गत.

रात्रीच्या फोटोत दिव्याच्या समोरच्या कोपऱ्यात हिरवट ठिपका दिसला, तर लेन्सच्या पुढचा यूव्ही फिल्टर (संरक्षक काच) काढून तोच फोटो पुन्हा घ्या. ठिपका गेला तर दोष फिल्टरचा. राहिला तर एक पाऊल बाजूला सरका आणि दिवा चौकटीबाहेर जाऊ द्या.