एकाच डोळ्याला धूसर दिसतंय? निदान या चुका तरी करू नका

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. ‘एका डोळ्याने जरा धूसर दिसतंय’ असं म्हणत कुणी समोर बसलं की त्याने घरी आधी काय काय करून पाहिलं असेल, ते मला न विचारताच कळतं. कारणं पंचवीस असू शकतात, चुका मात्र त्याच त्या.

एकेक डोळा झाकून न पाहणं

दोन्ही डोळे उघडे असले की मेंदू चांगल्या डोळ्याचं चित्र उचलतो आणि वाईट डोळ्याचं झाकून टाकतो. मग कधीतरी डोळ्यात कचरा जातो, माणूस तो डोळा चोळतो आणि दुसऱ्याने नीट दिसत नाही हे लक्षात येतं. ‘कालपासून’ म्हणून सांगितलेली तक्रार खरं तर कित्येक महिन्यांची निघते. आजचं दुखणं आणि सहा महिन्यांचं दुखणं यांची कारणंही वेगळी असतात आणि घाईही वेगळी.

मी स्वतः अधूनमधून चष्मा लावून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एकेका डोळ्याने बघते. डोळा तळहाताने झाकायचा आणि बुबुळावर दाब द्यायचा नाही, नाहीतर हात काढल्यावर थोडा वेळ उगाच धूसर दिसतं. चौकटीच्या सरळ रेषा वाकड्या दिसल्या तर डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) मध्यभागी काहीतरी बिघडलेलं असू शकतं. लाल झाकण एका डोळ्याला फिकं, विटकं दिसत असेल आणि डोळा फिरवताना दुखत असेल, तर डोळ्याच्या नसेला सूज असण्याची शक्यता असते. पापणी मिटून उघडल्यावर क्षणभर स्वच्छ दिसत असेल तर बहुधा कोरडेपणा. सकाळी धुकट आणि दुपारपर्यंत निवळत असेल तर कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक काचेत, पाणी साचतंय का ते पाहावं लागतं.

अर्धशिशीतल्या नागमोडी चमचमत्या रेषा बहुतेकांना ‘डाव्या डोळ्यात’ वाटतात. डावा झाकून बघा, बहुतेक वेळा त्या उजव्यातही असतात.

घरातले उरलेले ड्रॉप

याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. एका काकांच्या डोळ्याला झाडं छाटताना पान लागलं. डोळा लाल झाला, पाणी येऊ लागलं, थोडं धूसर दिसू लागलं. घरी काकूंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे ड्रॉप उरले होते, तेच काकांनी सुरू केले. दोन दिवसांत लाली उतरली आणि काका खूश झाले. माझ्यासमोर आले तेव्हा त्यांचा प्रश्न होता, ‘मॅडम, लाली तर गेली, मग दिसत का नाही?’

त्या बाटलीत स्टेरॉइड होतं. लाली ही शरीराची लढाई असते. स्टेरॉइडने ती लढाई थांबवली आणि पानावरून आलेल्या बुरशीला रान मोकळं झालं. डॉक्टरांनी जखमेचा खरवडा मायक्रोस्कोपखाली पाहिला तेव्हा बुरशीचे तंतू दिसले. मग दर तासाला बुरशीविरोधी ड्रॉप, तेही कित्येक आठवडे. जखम भरली, पण बुबुळाच्या मधोमध फूल पडलं ते पडलंच. हर्पीसच्या विषाणूची जखम असती तरी त्या ड्रॉपने असंच झालं असतं. शिवाय स्टेरॉइड मनाने महिनोनमहिने घातलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही होऊ शकतात.

माझी सवय सांगते. उपचार संपला की बाटली केराच्या डब्यात, अर्धी भरलेली असली तरी. तसंही उघडलेली बाटली साधारण महिनाभरच वापरायची असते.

‘दुखत नाही ना, मग बघू’

डोळ्याच्या आतल्या पडद्याला दुखण्याची जाणीवच नाही. पडदा सुटतो तेव्हा चमका दिसतात, काळे ठिपके एकदम वाढतात, कडेने सावली सरकत येते, पण दुखत नाही. मधुमेहात आत रक्तस्राव होतो तेव्हाही दुखत नाही. पडद्याला रक्त पुरवणारी रोहिणी तुंबली तर काही तासांत कायमचं नुकसान होतं. तो डोळ्याचा पक्षाघातच, आणि त्याला सोमवारची अपॉइंटमेंट चालत नाही, तातडीच्या विभागातच जायचं.

उलट डोळा लाल, डोकं फुटेल असं दुखणं, दिव्यांभोवती रंगीत वलयं आणि उलट्या, हे पित्त नव्हे. डोळ्याचा दाब साधारण 10 ते 21 मिमी (पारा) असतो, काचबिंदूच्या अशा झटक्यात तो 40-50 च्याही वर जातो. लोक तेव्हा पित्ताची गोळी घेऊन अंधारात पडून राहतात, आणि अंधारात बाहुली मोठी होऊन त्रास आणखी वाढू शकतो.

बाकीच्या, थोडक्यात

‘मोतीबिंदूच असणार’ असं घरबसल्या ठरवू नका. वयोमानाचा मोतीबिंदू एका रात्रीत येत नाही. ऑपरेशन झालेल्या डोळ्यात तो परतही येत नाही. पुन्हा धूसर दिसू लागलं तर बहुधा बसवलेल्या लेन्समागची पिशवी गढूळ झालेली असते आणि लेसरने ती काही मिनिटांत मोकळी करता येते.

काही मिनिटं दिसेनासं होऊन आपोआप पूर्ववत झालं, म्हणून विसरून जाऊ नका. मानेतल्या रक्तवाहिनीतून सुटलेली गुठळी असू शकते, म्हणजे पक्षाघाताची पूर्वसूचना.

पन्नाशीनंतर चावताना जबडा दुखतोय, केस विंचरताना टाळू हुळहुळते आणि एका डोळ्याचं दिसणं गेलंय? त्याच दिवशी दाखवा, नाहीतर काही दिवसांत दुसरा डोळाही जाऊ शकतो.

कॉन्टॅक्ट लेन्स लावून लाल झालेल्या डोळ्यात ‘आजचा दिवस’ पुन्हा लेन्स घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, लेन्सची डबी काढून घेते.

आणि बाहुली मोठी करायचे ड्रॉप ‘वेळ नाही’ म्हणून नाकारू नका. त्यांच्याशिवाय पडद्याच्या कडा नीट तपासता येत नाहीत. नंतर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड खुपतो, तेव्हा गाडी चालवायला कुणाला तरी सोबत आणा.