क्योटोजवळच्या गावांची एका दिवसाची सहल: या चुका टाळा

क्योटोच्या गर्दीला कंटाळलेल्या पर्यटकाला आसपासच्या गावांची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. मात्र दर पाच-दहा मिनिटांनी बस मिळण्याची शहरातली सवय सोबत घेऊनच तो निघतो आणि बेत तिथेच फसतो. या गावांची सहल परतीच्या बसपासून उलट आखावी लागते. गवती छपरांच्या घरांसाठी प्रसिद्ध असलेले मियामा क्योटोच्या उत्तरेला सुमारे 50 किलोमीटरवर आहे. तेथे जाण्यासाठी आधी जेआरच्या (जपान रेल्वेच्या) गाडीने सोनोबे किंवा हियोशी स्थानक गाठावे लागते आणि पुढे दिवसातून मोजक्याच वेळा सुटणारी बस पकडावी लागते. सोनोबेपर्यंत गाड्या भरपूर आहेत, त्यापुढे साधारण तासाला एक. त्यामुळे हियोशीची एक गाडी हुकली की जोडणारी बसही हुकते आणि अर्धा दिवस फलाटावर जातो.

वेळापत्रक पाहतानाही गफलत होते. कामाच्या दिवसांच्या आणि शनिवार, रविवार व राष्ट्रीय सुट्टीच्या बस वेगळ्या असतात. जपानची राष्ट्रीय सुट्टी मंगळवारी आली, तर त्या मंगळवारी सुट्टीचा रकाना लागू होतो, हे आपल्या लक्षातही येत नाही. मोबाइलवर मार्ग शोधताना प्रत्यक्ष प्रवासाचीच तारीख टाकावी आणि परतीच्या शेवटच्या दोन बसच्या वेळा कागदावर लिहून ठेवाव्यात.

नकाशावर मियामा आणि समुद्रकाठचे इने दोन्ही उत्तरेलाच दिसतात, म्हणून ती एका दिवसात उरकण्याचा मोह होतो. सहल कंपन्यांच्या बस तसे करतात, पण मग प्रत्येक ठिकाणी छायाचित्रे काढण्यापुरताच वेळ उरतो. सार्वजनिक वाहनांनी हा उद्योग करूच नये. इनेची खरी जोडी त्याच किनाऱ्यावरच्या आमानोहाशिदाते या पर्यटनस्थळाशी जमते, कारण इनेची बस तिथल्या रेल्वे स्थानकापासून निघते आणि सुमारे तासाभरात पोहोचवते.

आमानोहाशिदातेला जाणाऱ्या हाशिदाते एक्स्प्रेसमध्ये मात्र डबा नीट पाहून बसावे. ही गाडी अनेकदा माइझुरू एक्स्प्रेसला जोडलेली असते आणि आयाबे स्थानकावर दोन्ही वेगळ्या होतात, त्यामुळे चुकीच्या डब्यात डुलकी लागलेला प्रवासी थेट हिगाशी-माइझुरूला उतरतो. तिकिटावरील डब्याचा क्रमांक फलाटावरील खुणेशी ताडून पाहावा; चूक चालत्या गाडीत लक्षात आली, तर आयाबे येण्यापूर्वीच कंडक्टरला तिकीट दाखवावे. दुसरी अडचण पासची आहे. संपूर्ण देशासाठीचा जेआर पास वाटेतल्या फुकुचियामा स्थानकापर्यंतच चालतो. पुढचा मार्ग क्योटो तांगो रेल्वे या वेगळ्या कंपनीचा असल्याने त्याचे भाडे वेगळे भरावे लागते. जेआर वेस्ट या पश्चिम जपानातील जेआर कंपनीच्या कन्साई वाइड एरिया पासमध्ये तो मार्ग येतो, इनेची बस येत नाही.

इनेला पोहोचल्यावर फक्त रस्त्याने चालून परतणे ही माझ्या मते या सहलीतली सर्वांत मोठी चूक आहे. खाडीच्या काठाने सुमारे 230 फुनाया आहेत, म्हणजे तळमजल्यावर होडी आत घेता येईल अशी घरे. त्यांची दर्शनी बाजू पाण्याकडे असल्यामुळे रस्त्यावरून ती साधी लाकडी घरेच वाटतात. खाडीत फिरवणाऱ्या बोटीत बसल्याशिवाय होडी घराखाली कशी शिरते ते दिसत नाही. समोरून पाहायचे म्हणून दोन घरांमधल्या बोळात मात्र शिरू नये, कारण ती राहती घरे आहेत.

मियामाचेही तेच आहे. अंगणात जाऊन खिडकीतून डोकावणे जितके अशिष्ट, तितकेच तेथे धूम्रपान करणे धोकादायक. वाळक्या गवताची छपरे ठिणगीने पेटू शकतात, म्हणूनच गावात जागोजागी पाण्याच्या फवाऱ्यांची सोय केलेली आहे.

पैशांच्या बाबतीत आयसी कार्डावर, म्हणजे आधी पैसे भरून यंत्राला टेकवायच्या प्रवास कार्डावर, विसंबून राहू नये. ग्रामीण बसमध्ये बहुधा मागच्या दाराने चढून क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची, पुढच्या फलकावर त्या क्रमांकाखाली दिसणारे भाडे पाहायचे आणि उतरताना चिठ्ठीसह पेटीत टाकायचे असते. पेटीजवळच्या यंत्रातून साधारणपणे 1,000 येनच्या नोटेचेच सुटे मिळतात. 10,000 येनची नोट पुढे केली की चालक आणि रांग दोघांचाही खोळंबा होतो.

शाकाहारी मंडळींनी जेवणाचा भरवसा गावावर टाकू नये. साध्या दिसणाऱ्या नूडल्सच्या रश्शातही बहुधा माशाचा अर्क असतो आणि दुपारी दोननंतर बरीच भोजनगृहे बंद होतात. क्योटो स्थानकावरूनच डबा घ्यावा, आणि कचराकुंडी सहसा सापडत नसल्यामुळे रिकामी पिशवीही सोबत ठेवावी.

एवढे करूनही शेवटची बस चुकलीच, तर रस्त्यावर उभे राहून टॅक्सीला हात करण्यात अर्थ नाही, कारण रिकामी टॅक्सी तिथून जातच नाही. पर्यटन माहिती केंद्र किंवा एखादे दुकान उघडे असेपर्यंतच तेथे विनंती करून टॅक्सी बोलवावी आणि क्योटोपर्यंत न जाता जवळच्या रेल्वे स्थानकापर्यंतच जावे. डिसेंबरमध्ये पाचच्या आतच सूर्य मावळतो आणि दुकानेही त्याच सुमारास बंद होऊ लागतात, म्हणून ही विनंती करण्यास उशीर लावू नये.