दुकानात चष्मा काढायचा नाही

थंडी पडली, तलावांवर बदकं उतरली, आणि ‘दुर्बीण कोणती घेऊ?’ हा फोन या महिन्यात तिसऱ्यांदा आला. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

चष्मा असेल तर तो घालूनच दुकानात जा आणि घालूनच दुर्बिणीतून बघा. गेल्या खेपेला नागपुरात बर्डीवर दुकानदार म्हणाला, “भाऊ, चष्मा काढून पाहा, मस्त दिसते.” दिसलं खरंच मस्त. १०×५० (दहापट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं) घेऊन घरी आलो. पहिल्याच रविवारी अंबाझरीला कळलं. झुडपात हललेला वटवट्या हेरायला चष्मा लागतो, दुर्बिणीला डोळा लावायला तो काढावा लागतो, आणि तेवढ्यात वटवट्या थांबतोय होय? चष्म्यावरूनच लावली तर किल्लीच्या भोकातून डोकावल्यासारखं मधलं तेवढंच दिसायचं. हा खेळ आय रिलीफचा : मागच्या भिंगापासून डोळा जास्तीत जास्त जेवढा लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं, ते अंतर. चष्मेवाल्याला १५-१६ मिलिमीटर तरी हवं. माझ्या दुर्बिणीला ११ होतं. डोळ्याकडचे रबरी कप खाली फिरवा किंवा दुमडा, मग चष्म्यासकट बघा. कडा दिसतात? मग पुढचं बोला.

घ्यायचा आकडा ८×४२. दहापटीत पक्षी मोठा दिसतो, पण हाताची थरथरही तेवढीच वाढते. ४२ ला ८ ने भागा, सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. खिशात मावणाऱ्या ८×२५ मधून जेमतेम तीन. गोरेवाड्याला सकाळी सहाला हा फरक लगेच जाणवतो. झूमवाली दुर्बीण नको. लालभडक भिंगांची तर हातातही घेऊ नका. बजेट आखडतं असेल तर पोरो प्रिझम बघा, म्हणजे जुन्या पद्धतीची, खांदे रुंद असलेली. त्याच पैशात सरळ नळीच्या दुर्बिणीपेक्षा चित्र बहुधा चांगलं मिळतं. वजन आणि पाऊस मात्र सांभाळा. प्रिझम बीएके-४ काचेचं आहे का, विचारा.

दुकानाबाहेर येऊन लांबची पाटी वाचा. दोन पाट्या दिसल्या किंवा डोळे ओढल्यासारखे वाटले तर नळ्या जुळलेल्या नाहीत, परत द्या. उजव्या डोळ्याचं डायॉप्टर, म्हणजे दोन डोळ्यांतला फरक भरून काढणारी चकती, जुळवून घ्या. हेही चष्मा घालूनच, सांगायला हवं का?

स्पॉटिंग स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवरची एकनळी दुर्बीण, लगेच घेऊ नका. उमरेडकडच्या तलावांवर पट्टकादंब हंस लांब बसतात तेव्हा हवासा वाटतो, मान्य. पण २०-६०×६० मध्ये साठपटीला झोत उरतो एक मिलिमीटर, चित्र अंधारतं, आणि ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते. वापर होतो वीस-तीसपटीलाच. ट्रायपॉडचे पैसे वेगळे धरा, डुगडुगता ट्रायपॉड म्हणजे स्कोप वाया. आणि झूम आयपीसचा (डोळ्याकडच्या भिंगाचा) आय रिलीफ पट बदलली की बदलतो, म्हणून दोन्ही टोकांना बघा. चष्मा घालून!

बाकी पट्टा रुंद, बिल जपून, पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल, नाहीतर बुरशी. सूर्याकडे रोखू नका.

माझी १०×५० आता भाच्याकडे आहे, त्याला चष्मा नाही. आणि हो, चष्म्याचा नंबर तपासायचा राहिला असेल तर आधी ते उरका, दुर्बीण पुढच्या रविवारी.