कागदी पिशवी निवडताना: आधी तळ, मग नाव

पॅकेजिंगच्या खरेदीत मी नवी होते तेव्हा माझ्या हातात स्वतंत्रपणे आलेलं पहिलं काम म्हणजे कपड्यांच्या दुकानांसाठी कागदी पिशव्या. मी सुरुवात केली ती डिझाइनपासून. गडद काळी पिशवी, त्यावर सोनेरी फॉइलमध्ये ब्रँडचं नाव. नमुना मीटिंगच्या टेबलावर उभा केला आणि सगळ्यांनी लगेच होकार दिला. कोणी ती पिशवी उचलून पाहिली नाही. मीही नाही.

माल दुकानात पोचल्यावर पंधरा दिवसांत फोन सुरू झाले. घड्यांच्या जागी काळा रंग तडकून पांढऱ्या रेषा दिसत होत्या. त्याहून वाईट म्हणजे पिशवी मांडीला घासत नेणाऱ्या एका ग्राहकाच्या फिकट पँटला काळे डाग पडले होते. पुनर्वापराला अडचण नको म्हणून प्लास्टिक फिल्मचं लॅमिनेशन आम्ही मुद्दाम टाळलं होतं. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. पण फिल्म काढली तर रंगाला धरून ठेवायला निदान पाण्यावर आधारित वार्निशचा थर लागतो, हे मी विचारलंच नव्हतं. पांढऱ्या कागदावर गडद रंग पूर्ण भरला की घडीला आतला पांढरा कागद डोकावणारच. गडद पिशवी हवीच असेल तर लगद्यातच रंगवलेला कागद मिळतो, त्यात ही रेषा येत नाही. आता कुठलाही नमुना आला की मी आधी कोरडा पांढरा सुती कपडा त्यावर जोर देऊन वीसएक वेळा घासते, मग तोच किंचित ओला करून. कापडावर रंग उतरला तर पुढची चर्चाच नाही.

त्या ऑर्डरनंतर मी एक दिवस वजनकाटा आणि टेप घेऊन बिलिंग काउंटरशेजारी बसले. नव्या माणसाने हे एकदा तरी करावं, असं मी आग्रहाने सांगेन. लोक एका वेळी किती वस्तू घेतात, त्यांचं वजन किती, घडी घातलेला शर्ट किती रुंद होतो, बुटाचा खोका आडवा जातो की उभा, हे तिथेच कळतं. आमच्या चार मापांपैकी एक माप जवळजवळ कोणी वापरत नव्हतं. दुसरं एक इतकं अरुंद होतं की काउंटरवरची मुलं शर्टाची घडी मोडून तो आत कोंबत होती. घडी मोडलेला नवा शर्ट घरी नेणाऱ्याला ब्रँडचं नाव कितीही सुंदर छापून दिलं तरी काय उपयोग?

पिशवीचं माप रुंदी, गसेट आणि उंची या क्रमाने सांगतात. गसेट म्हणजे बाजूची घडी, जी उघडल्यावर पिशवीला खोली मिळते. मापावरून कागद किती लागेल याचा हिशेब स्वतः करायला शिका. उदाहरणार्थ २५ सेंमी रुंद, १० सेंमी गसेट आणि ३० सेंमी उंच पिशवी घ्या. रुंदी आणि गसेट मिळून ३५, त्याची दुप्पट ७०, वर चिकटवायला २ सेंमी. म्हणजे ताव ७२ सेंमी रुंद. उंचीत वरच्या दुमडीसाठी ४ आणि तळासाठी ७ सेंमी धरले तर ४१ सेंमी. क्षेत्रफळ झालं साधारण ०.२९५ चौरस मीटर. कागद १२० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅमचा असेल, तर एका पिशवीत सुमारे ३५ ग्रॅम कागद जातो. १०० जीएसएमला साडेएकोणतीस. ५,००० पिशव्यांमागे हा फरक जवळजवळ ३० किलो कागदाचा आहे. हे आकडे डोक्यात असले की पुरवठादार सांगतो त्या दरामागचं कारण समजतं, आणि हलक्या कागदाची पिशवी आली तर ती वजनकाट्यावर लगेच पकडता येते.

मात्र जीएसएम जास्त म्हणजे पिशवी मजबूत, हा समज सोडून द्या. जीएसएम हे फक्त वजन आहे. ताकद तंतूंवर अवलंबून असते. पिशव्यांच्या दणकट कागदाला क्राफ्ट म्हणतात. हा जर्मन शब्द, त्याचा अर्थच ताकद. कार्ल डाल यांनी १८७९ मध्ये लाकडाचा लगदा करण्याची जी पद्धत शोधली तिच्यात तंतू मजबूत राहतात, आणि तपकिरी क्राफ्टचा दणकटपणा तिथून येतो. पुनर्वापर केलेल्या कागदात दरवेळी तंतू आखूड होत जातात. म्हणून पूर्णपणे पुनर्वापरित कागद वापरायचा असेल तर तेवढ्याच भारासाठी थोडा जाड घ्यावा लागतो. आमच्या जड मापासाठी आम्ही नव्या तंतूंचा क्राफ्ट ठेवला आणि लहान पिशव्या पुनर्वापरित कागदाच्या केल्या. दोन्ही एकाच कागदाच्या हव्यात असा हट्ट मार्केटिंगचा होता. तो मोडून काढायला मला दोन महिने लागले.

पिशवी फाटते ती बहुतेकदा मधे नाही, तर तळाला किंवा हँडलपाशी. उभा राहणारा चौकोनी तळ आज आपण गृहीत धरतो, पण तो यंत्रावर करणं सोपं नव्हतं. त्यासाठीच्या यंत्राचं पेटंट मार्गारेट नाइट यांना १८७१ मध्ये मिळालं. नमुन्याचा तळ बाहेरून बोटाने दाबून पाहा, चिकटवलेल्या जागेत कुठे फट आहे का ते बघा. जड वस्तूंसाठी आत पुठ्ठ्याचा तुकडा टाकून घ्या.

हँडलचे प्रकार पुष्कळ. पीळ घातलेल्या कागदी दोरीचं हँडल आतून कागदी पट्टीने चिकटवतात. सगळा भार त्या पट्टीच्या गोंदावर असतो, म्हणून पट्टी किती लांब आणि गोंद कडेपर्यंत लागलाय का ते बघायचं. चपटं कागदी हँडल हलक्या मालाला ठीक, पण जड पिशवी असेल तर बोटांना कापतं. सुती दोर हाताला फार छान लागतो. तो भोकांतून ओवून आत गाठ मारतात, त्यामुळे वरच्या दुमडीत पुठ्ठ्याची पट्टी नसेल तर भोक हळूहळू मोठं होत फाटतं. धातूची आयलेट, म्हणजे भोकाभोवती बसवलेली कडी, दिसायला छान, पण पिशवी रद्दीत टाकताना ती वेगळी काढावी लागते. हँडलची लांबीही पाहा: ग्राहकाच्या दोन्ही हातांत सामान असेल तर पिशवी कोपरात अडकवता आली पाहिजे.

माझी चाचणी साधी आहे. नेहमीच्या मालाच्या दीडपट वजन भरायचं, पिशवी खुंटीला टांगायची आणि रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी तीच घेऊन दोन जिने चढायचे-उतरायचे. झटका बसतो तो चालताना, टांगलेल्या पिशवीला नाही.

ओल हा कागदाचा शत्रू. तंतूंना एकमेकांशी बांधून ठेवणारे बंध पाण्याने सैल होतात. प्रयोगशाळेत कागद तपासतात तो २३ अंश सेल्सियस आणि ५० टक्के आर्द्रतेला. गोदामात तसं काहीच नसतं. गठ्ठे जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून थोडे लांब.

छपाईबद्दल एवढंच: फ्लेक्सोवर, म्हणजे लवचीक साच्याने होणाऱ्या छपाईत, फार बारीक अक्षरं शाईने भरून जातात, आणि तपकिरी कागदावर फिकट रंग मळकट दिसतो. प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, पडद्यावर पाहू नका, त्याच कागदावर मागा.

पर्यावरणाचा दावा छापताना मात्र फार सांभाळा. एफएससी ही जंगलांची जबाबदारीने निगा राखली जाते का हे प्रमाणित करणारी संस्था. तिच्या चिन्हांत '१०० टक्के', 'मिक्स' आणि 'रिसायकल्ड' असे तीन वेगळे अर्थ आहेत, आणि चिन्ह छापायला पुरवठादाराकडे वैध प्रमाणपत्र लागतं. ब्रिटनच्या एन्व्हायरन्मेंट एजन्सीने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हवामानावरच्या परिणामात साध्या पातळ प्लास्टिक पिशवीची बरोबरी करायला कागदी पिशवी किमान ३ वेळा वापरावी लागते, असं दिसलं. हे वाचल्यावर मी 'पर्यावरणपूरक' हा शब्द पिशवीवरून काढायला लावला, आणि त्यामुळे सुटलेली जागा नावाभोवती मोकळी ठेवली. आता आमच्या पिशवीवर नाव लहान आणि एका कोपऱ्यात असतं. हँडल जरा जाड केलं आहे. काही ग्राहक तीच पिशवी घेऊन परत दुकानात येतात, कोपरे मऊ पडलेले, हँडल शाबूत. अशी पिशवी दिसली की काउंटरवरची मुलं मला फोटो पाठवतात.