नोकरीतील भेदभावाविरुद्ध दिव्यांग कर्मचाऱ्याने दाद कशी मागावी

नोकरीच्या ठिकाणी दिव्यांगत्वामुळे अन्याय होत असेल, तर तक्रारीच्याही आधी सोयीची मागणी करणारा लेखी अर्ज द्यावा, असे माझे ठाम मत आहे. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार आवश्यक असलेली आणि नियोक्त्यावर अवाजवी भार न टाकणारी सोय नाकारणे हाही भेदभावच ठरतो. पण ती तोंडी मागितली असेल, तर नाकारल्याचा पुरावा हाती राहत नाही.

अर्जात कोणते काम कोणत्या अडथळ्यामुळे होत नाही आणि काय बदलल्यास ते होईल, हे नेमके लिहावे. संगणकावर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली) बसवणे, तळमजल्यावर जागा देणे किंवा बैठकीला सांकेतिक भाषेचा दुभाषी बोलावणे, अशी मागणी थेट नावानिशी करावी आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. प्रमाणपत्रावर ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असल्याने अनेक जण मागणीच करत नाहीत, याचे फार वाईट वाटते. ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. सोय मिळण्यासाठी ती लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात, परीक्षेत उत्तरे लिहून देणारा लेखनिक नाकारलेल्या उमेदवाराच्या बाजूने २०२१ मध्ये निकाल देताना स्पष्ट केले आहे.

नकार आला किंवा उत्तरच आले नाही, तर सरकारी कर्मचाऱ्याने आपल्या कार्यालयातील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवावी. तिची चौकशी दोन आठवड्यांत होणे अपेक्षित असून, समाधान न झाल्यास जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. खासगी आस्थापनेत असाल, तर तिचे समान संधी धोरण मागून घ्यावे, कारण ते प्रसिद्ध करणे तिच्यावर बंधनकारक आहे.

यापुढची पायरी दिव्यांग व्यक्तींसाठीच्या राज्य आयुक्तांची, आणि केंद्र सरकारच्या कार्यालयाविरुद्ध तक्रार असल्यास मुख्य आयुक्तांची. साक्षीदारांना बोलावण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्यांना आहेत. म्हणून अर्ज, पोच व आलेले उत्तर तारखांच्या क्रमाने जोडावे.

सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला त्या कारणाने काढून टाकता येत नाही की खालच्या पदावर आणता येत नाही. सध्याचे काम जमत नसल्यास त्याच वेतनश्रेणीतील दुसरे पद द्यावे लागते. अशा वेळी कोणी स्वेच्छानिवृत्ती सुचवत असेल, तर पर्यायी पदाची मागणी लेखी नोंदवल्याखेरीज कोणत्याही कागदावर सही करू नये.