आधी पुस्तक वाळायची जागा, मग टेबल

डोंबिवलीत आमचं घर ३९० चौरस फुटांचं, वन रूम किचन. त्यात मी, नवरा, दहावीतला मुलगा आणि सासूबाई. याच घरात गेली सहा वर्षं मी जुनी पुस्तकं दुरुस्त करते: कणा सुटलेली, पानं निखळलेली, पिना गंजून पानांवर तांबडे डाग पडलेले दिवाळी अंक. कुणाला हे शिकावंसं वाटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पण टेबल कुठे मावतं गं तुझं?" मी उलट विचारते, "रात्रभर कुणाचाही हात लागणार नाही अशी हातभर जागा तुझ्या घरात आहे का?"

बाइंडिंगमध्ये हाताचं काम तास-दीड तासाचं. त्यानंतर पुस्तक वजनाखाली निदान बारा तास पडून राहायला हवं, पावसाळ्यात दोन दिवस. खळ, म्हणजे शिजवलेल्या मैद्याची चिकी, लावलेला कागद ओला होऊन ताणतो, वाळताना आखडतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. पूर्ण वाळेपर्यंत वर वजन असलं तरच पुठ्ठा सपाट राहतो. पहिल्या वर्षी मी एक पुस्तक टीव्हीच्या स्टँडवर डब्याखाली ठेवलं होतं. पाहुणे आले, कुणीतरी डबा उचलला, आणि सकाळी पुठ्ठ्याचे कोपरे पापडासारखे वर आलेले. ते कव्हर फाडून नव्याने करावं लागलं.

म्हणून आधी वाळायची जागा ठरवा. आमच्याकडे ती कपाटाचा सर्वांत खालचा कप्पा आहे. खालचाच, कारण जड वजन डोक्याच्या उंचीवर कधीही ठेवू नये. दिवाणाखालची जागाही चालते, फक्त रोज केर काढणाऱ्याला ती माहीत हवी. वजन म्हणून मी पाटा वापरते. मिक्सर आल्यापासून तो दारामागे उभाच होता. मी सासूबाईंना विचारलं, "आई, पाटा पुस्तकांसाठी घेऊ का?" त्या म्हणाल्या, "घे की. वरवंटा मात्र राहू दे हं, बारशाला लागतो." पाटा घासून दोन दिवस उन्हात वाळवला, कारण दगडात मुरलेलं तिखट आणि तेल कागदाला लागलं तर जात नाही. मग जुन्या सुती लुगड्यात घट्ट गुंडाळून शिवून टाकला. पाट्याची खालची बाजू खडबडीत असते, म्हणून पुस्तक १२ इंच बाय ९ इंचांच्या दोन प्लायच्या फळ्यांमध्ये ठेवायचं आणि वर पाटा. ओला पुठ्ठा आणि आतली पानं यांच्यामध्ये बटर पेपर घालायला विसरू नका, नाहीतर ओल पानांत उतरते आणि पहिली वीस-पंचवीस पानं लाटांसारखी होतात. वर्तमानपत्र मध्ये घालू नका, शाई उतरते.

आता टेबल. मी सुताराकडून भिंतीला घडी होणारी फळी करून घेतली: ३६ इंच बाय १८ इंच, १९ मिलिमीटर प्लाय, वर सनमायका, खाली दोन फोल्डिंग ब्रॅकेट. मिटली की भिंतीपासून चार बोटं पुढे येते. उंची ३४ इंच ठेवली, साधारण स्वयंपाकाच्या ओट्याइतकी, कारण हे काम मी उभ्याने करते. घड्या दाबताना, टोच्याने भोकं पाडताना अंगाचा भार वरून द्यावा लागतो, बसून मनगटं दुखतात. ज्यांना उभं राहणं जमत नाही त्यांनी २९-३० इंचांवर लावून खुर्ची घ्यावी.

ही फळी पहिल्यांदा लावली तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात डावा ब्रॅकेट गिलाव्यासकट बाहेर आला. मी टोचा दाबत होते, फळी खाली गेली, खळीची वाटी उलटली. स्क्रू जेमतेम एक इंचाचे होते आणि सगळे गिलाव्यातच बसले होते. दुसऱ्या वेळी मी स्वतः जवळ उभी राहिले. भोक पाडताना पांढरी-करडी भुकटी पडते तोवर ड्रिल गिलाव्यातच असतं, लाल भुकटी पडायला लागली की वीट आली. विटेत निदान दीड इंच आत जाईल असा स्क्रू आणि ८ मिलिमीटरचा प्लग घ्या. नव्या इमारतींत हलक्या ठोकळ्यांच्या भिंती असतात, तिथे लाल भुकटी येतच नाही. त्या ठोकळ्यांसाठीचे वेगळे प्लग हार्डवेअरच्या दुकानात मागा. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, वायर बहुधा तिथूनच जाते. कॉलम-बीमला हात लावू नका. भाड्याच्या घरात भिंत फोडायची परवानगी नसेल तर तेवढ्याच मापाची सुटी फळी करा आणि ती जेवणाच्या टेबलावर किंवा दिवाणावर टाका. खाली रबरी चटई घातली की सरकत नाही.

ओलं काम आणि कोरडं काम कधीही एका वेळी नाही. आमच्या घरात याला पर्यायच नाही, आणि कामालाही तेच मानवतं. सोमवार-मंगळवारी मी फक्त कापते, फर्मे (एकात एक घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे) नीट लावते, शिवते. खळ शनिवारी-रविवारी. त्यामुळे छोट्या फळीवर ब्रश, वाटी, कटर, पुठ्ठा अशी गर्दी होत नाही. चालू पुस्तकाचं सगळं सामान एका परातीत: सुटी पानं, कापलेला पुठ्ठा, अस्तराचे (पुठ्ठ्याला आतून चिकटवायचे) कागद, कुठवर आलो त्याची चिठ्ठी. परातीवर फडकं घातलं आणि ती कपाटावर सरकवली की घर मोकळं. मांडायला चार मिनिटं, आवरायला पाच. याहून जास्त वेळ लागत असेल तर सामान कमी करा, कारण थकून आल्यावर दहा मिनिटांची मांडामांड कुणी करत नाही.

खळ घरीच करते. दोन चमचे मैदा दहा-बारा चमचे पाण्यात गुठळी न राहू देता कालवायचा, मंद आचेवर सतत ढवळत राहायचं. आधी दुधासारखी दिसते, मग एकदम जड होते, आणि थोड्या वेळाने पांढरेपणा जाऊन चकाकी येते. ती चकाकी आली की उतरवा. गार झाल्यावर चहाच्या गाळणीतून दाबून काढा. गाळणी, पातेलं आणि चमचा यांवर मी लाल रंगाचा ठिपका दिला आहे, ती भांडी पुन्हा स्वयंपाकाला जात नाहीत. झाकून फ्रिजमध्ये तीन दिवस टिकते. जुने बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचे. ते विष आहे, जिथे ताक घुसळलं जातं त्या ओट्यावर मी ते आणणार नाही. त्यापेक्षा थोडी करा, ताजी करा. कण्याला मी फेविकॉल लावते, पण फाटक्या पानाला नेहमी खळच, कारण चूक झाली तर ओल्या बोळ्याने ती सुटते. सेलोटेप घरात असली तरी पुस्तकाजवळ आणू नका.

हत्यारं एका बिस्किटांच्या चपट्या डब्यात मावतात. टोचा, दाभण, दोन सुया, एक इंची ब्रश, कटर, ३० सेंटिमीटरची स्टीलची पट्टी, मेणावर ओढलेला सुती दोरा, आणि घडी दाबायला बांबूची एक चपटी पट्टी. ती मी स्वतः पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत केली. ए थ्री मापाची कटिंग मॅट मात्र घ्याच, नाहीतर सनमायक्यावर चरे पडतात आणि कटर त्याच चऱ्यात घसरतो. कण्याला लावायला मांजरपाट, कोणत्याही कापडदुकानात मिळतं. कागद-पुठ्ठ्यासाठी मी मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला जाते. दोन मिलिमीटरच्या पुठ्ठ्याचा अख्खा ताव लोकलमध्ये नेता येत नाही, दुकानातच चार तुकडे करून घ्या. पुण्याकडच्यांना शिवाजीनगरचं हातकागद केंद्र आहे, १९४० पासूनचं. अस्तरासाठी तिथला कागद फार सुंदर पडतो.

कागदाला एक अंगची दिशा असते. ताव हलका वाकवून पाहा, एका बाजूने सहज वळतो, दुसरीकडून अडतो. ज्या रेघेवर तो सहज वळतो, ती कण्याला समांतर आली पाहिजे. उलटं कापलं तर कितीही जड पाटा ठेवा, कव्हर मिटून राहत नाही.

दिवा डावीकडे (डावखुरे असाल तर उजवीकडे), नऊ वॉटचा पांढरा एलईडी पुरतो. पंखा बंद ठेवावा लागतो, कागद उडतात आणि ब्रशवरची खळ वाळते. म्हणून माझी वेळ पहाटे साडेपाच ते पावणेसात. तेव्हा उकाडा नसतो आणि मुलगा अजून उठलेला नसतो.

पावसाळ्यात कोरे कागद आणि पुठ्ठे आडवेच ठेवा, बाहेरच्या भिंतीपासून दोन इंच सोडून. जूनच्या आधी मी सगळं एकदा उन्हात हलवते आणि प्रत्येक थराला कसर लागलीय का बघते. पान जागोजागी वरवर खरवडल्यासारखं दिसलं की समजायचं. जुलै-ऑगस्टमध्ये ओलं काम मी जवळजवळ थांबवते, फक्त शिलाई.

पहिलं पुस्तक आजोबांचं घेऊ नका. रद्दीतून पिनांचे दोन दिवाळी अंक आणा, पिना चपट्या पक्कडीने वरून न ओढता मागून सरळ करून काढा, मधल्या घडीवर पाच भोकं पाडून शिवा, मांजरपाटाचा कणा द्या आणि वजनाखाली ठेवा. सकाळी पाटा आणि वरची फळी उचलून हाताचा पालथा तळवा पुठ्ठ्याला लावून बघा. गार लागला तर आत अजून ओल आहे, फळी आणि पाटा परत ठेवा.